दुरुस्तीनंतर कूलंट गळतंय: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वॉटर पंप, थर्मोस्टॅट, रेडिएटर, होज किंवा हेड गॅस्केटचं (इंजिनाच्या हेड आणि ब्लॉकमधलं पॅकिंग) काम झालं आणि त्यानंतर कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारा द्रव, कमी होऊ लागलं, तर शोध थोडा सोपा होतो. संशयित मोजकेच असतात: जिथे जिथे पाना लागला त्या जागा. पण त्यांना दोषी ठरवण्याआधी दोन गोष्टी बाजूला काढाव्या लागतात, एक सांडलेलं कूलंट आणि दुसरी अडकलेली हवा.

गाडी कालच दुरुस्त होऊन आली आणि आज खाली थेंब दिसले. ही गळतीच ना?

असेलच असं नाही. पंप किंवा खालचा होज काढला की लिटर-दीड लिटर कूलंट एकदम खाली येतं आणि सगळं तसराळ्यात पडत नाही. अंडर कव्हरच्या (इंजिनाखालच्या झाकणाच्या) खोलगट भागात, सबफ्रेमच्या पोकळीत, गिअरबॉक्सच्या वरच्या खड्ड्यांत ते साठून राहतं आणि दोन-तीन दिवस चढ-उतारावर, ब्रेक मारल्यावर थोडं थोडं ठिबकत राहतं.

म्हणून आधी धुणं. इंजिन पूर्ण थंड असताना अंडर कव्हर उतरवा, त्यातलं पाणी ओता, पुसून घ्या. अल्टरनेटर आणि उघडे कनेक्टर प्लास्टिकच्या पिशवीने झाका आणि इंजिनाच्या बाजू साध्या पाण्याच्या हलक्या धारेने धुवा. जोराचा प्रेशर वॉशर नको, पाणी कनेक्टरमध्ये घुसून नवंच दुखणं उभं राहतं. वाळल्यावर कव्हर न लावता खाली पुठ्ठा अंथरा आणि गाडी रात्रभर उभी ठेवा. धुण्याआधी केलेली कुठलीही तपासणी फुकट जाते, कारण सगळंच ओलं असतं.

खाली थेंब नाही, पण कूलंटच्या टाकीतली लेव्हल उतरली. असं कसं?

बहुतेक वेळा हवा. रिकामी केलेली यंत्रणा भरताना बंद थर्मोस्टॅटच्या (कूलंट तापल्यावर उघडणाऱ्या झडपेच्या) मागे आणि हीटरच्या नळ्यांत हवा अडकते. इंजिन तापून थर्मोस्टॅट उघडला की ती हवा निघते आणि तिची जागा कूलंट घेतं. पहिल्या दोन-तीन गरम-थंड फेऱ्यांत २०० ते ५०० मिली कमी होणं नेहमीचं. त्यानंतर ते थांबलंच पाहिजे. चौथ्या-पाचव्या सकाळीही लेव्हल उतरत असेल, तर आता गळती शोधा.

काढलेलं आणि भरलेलं कूलंट मोजण्याची सवय इथे कामी येते. समजा, ५ लिटर निघालं आणि ४.२ लिटरच आत गेलं. उरलेले ८०० मिली म्हणजे आत बसलेली हवा. लेव्हल रोज सकाळी, थंड इंजिनावर, त्याच सपाट जागी बघा आणि टाकीवर मार्करने रेघ मारून ठेवा. नुसत्या आठवणीवर भिस्त ठेवू नका.

हवा काढायची कशी?

गाडीचं तोंड थोडं उंच ठेवा, म्हणजे रेडिएटर किंवा टाकी सगळ्यात वरच्या पातळीवर येईल. हीटर पूर्ण गरमवर. ब्लीड स्क्रू (हवा सोडायचा स्क्रू) असेल तर तो सैल करून तिथून बुडबुड्यांशिवाय सलग धार येईपर्यंत कूलंट हळूहळू ओता, मग बंद करा. इंजिन चालू करून १५०० ते २००० आरपीएमवर धरा. खालचा होज गरम झाला आणि फॅन दोनदा चालू-बंद झाला की थर्मोस्टॅट नक्की उघडला. तापमानाचा काटा वर चढतोय आणि हीटरमधून मात्र गार हवा येतेय, तर हवा अजून आत आहे. इंजिन बंद करा, थंड होऊ द्या आणि पुन्हा भरा. काही गाड्यांत इंजिन टाकीपेक्षा उंच बसवलेलं असतं. त्यांना व्हॅक्यूम फिलर लावल्याशिवाय हवा पुरती निघत नाही.

हे कूलंटच आहे कशावरून?

एसीचं पाणी स्वच्छ, बिनवासाचं असतं आणि वाळल्यावर डाग ठेवत नाही. कूलंट बोटांत चोळलं की बुळबुळीत लागतं, वास गोडसर येतो, वाळल्यावर चिकट थर किंवा पांढरी-हिरवी-गुलाबी पपडी राहते. लाल कूलंट आणि लाल गिअर ऑइल यांत घोटाळा होतो. वाटीभर पाण्यात थेंब टाका: कूलंट विरघळतं, तेल तरंगतं. चव मात्र घेऊ नका. कूलंटमधलं इथिलिन ग्लायकॉल विषारी आहे आणि त्याची चव गोड असल्याने मुलं आणि पाळीव प्राणी त्याला तोंड लावतात. सांडलेलं लगेच धुऊन टाका.

शोध कुठून सुरू करायचा?

कामाच्या यादीपासून. काय बदललं एवढंच विचारू नका, तिथे हात पोचण्यासाठी काय काय काढलं हेही विचारा. थर्मोस्टॅटसाठी एअर फिल्टरचा डबा काढला आणि त्या धांदलीत हीटरचा जुना होज वाकवला गेला, असं सर्रास होतं. सेन्सरच्या ओ-रिंग, टर्बोच्या पाइपाचे तांब्याचे वॉशर, रेडिएटरचा खालचा ड्रेन प्लग या छोट्या गोष्टी बिलावर कधीच दिसत नाहीत.

मग टॉर्च आणि आरसा घेऊन ओल्या भागाचं सगळ्यात वरचं टोक शोधा. थेंब पडतो ती जागा फारशी कामाची नाही. कूलंट होजवरून, वायरिंगवरून, ब्लॉकच्या कडेने हातभर सरकतं आणि चालत्या गाडीत फॅनचा वारा ते मागे उडवतो. वर आणि पुढे, या दोन दिशांनी ओलावा जिथे संपतो, त्याच्या आसपास उगम असतो.

प्रेशर टेस्ट घरी करता येते का?

येते, आणि दुरुस्तीनंतरच्या गळतीत हीच सगळ्यात उपयोगी चाचणी. हाताचा पंप, त्यावर मीटर आणि रेडिएटरच्या किंवा टाकीच्या तोंडाला बसणारा अडॅप्टर एवढंच लागतं.

इंजिन पूर्ण थंड हवं, म्हणजे किमान तीन-चार तास उभं. इंजिन गरम असताना रेडिएटरची किंवा टाकीची कॅप उघडू नका. दाबाखाली कूलंट १००° सेल्सिअसच्या वर असूनही उकळत नाही, पण कॅप सैल होताच उकळून तोंडावर येतं. ५०:५० मिश्रण मोकळ्या हवेत सुमारे १०७° वर उकळतं आणि १ बारच्या कॅपखाली १२५° च्याही पुढे टिकतं. एवढी उष्णता त्यात दबून असते.

लेव्हल भरा, कॅपच्या जागी अडॅप्टर लावा. जुन्या कॅपवरचा आकडा बघा. बहुतेक गाड्यांत तो ०.९ ते १.५ बारच्या मधला असतो. पंप मारून दाब तिथवरच न्या. 'थोडा जास्त देऊन बघू' म्हणणाऱ्यांनी चांगले हीटर कोअर (केबिन गरम करणारे छोटे रेडिएटर) फोडलेत. आता १५ मिनिटं थांबा. काटा हलला नाही तर थंड अवस्थेत बाहेर गळती नाही. काटा उतरतोय आणि थेंब दिसतोय, तर काम झालं. काटा उतरतोय पण सगळं कोरडं, तर आधी अडॅप्टरच्या जोडावर साबणाचं पाणी लावा. चाचणीचं साधनच गळत असणं ही नेहमीची फसगत. अडॅप्टर ठीक असेल तर हीटर कोअर किंवा इंजिनाच्या आतल्या गळतीकडे वळा.

आणखी एक फसगत. कोमट इंजिनावर टेस्टर लावला तर इंजिन थंड होता होता दाब आपोआप उतरतो आणि नसलेली गळती दिसते. तासाभरात ०.१-०.२ बार उतरले म्हणून घाबरण्याआधी इंजिनाचं तापमान स्थिर होतं का, ते बघा.

सकाळी थंड असताना ठिबकतं, गाडी गरम झाली की थांबतं. हे काय?

होज आणि क्लॅम्पची खूण. थंडीत रबर आणि पाइप दोन्ही आकसतात. मूळ स्प्रिंग क्लॅम्प त्याबरोबर आवळला जातो, स्क्रूचा क्लॅम्प आहे तिथेच राहतो आणि बारीकशी फट पडते. दुरुस्तीत स्प्रिंग क्लॅम्प काढून स्क्रूचे लावले असतील, तर संशय दुप्पट.

तो जोड उघडून नीट बघा. पाइपाच्या तोंडाशी एक उंच कड असते. होज त्या कडेवरून पुढे शेवटपर्यंत सरकलेला हवा आणि क्लॅम्प कडेच्या मागे, होजच्या टोकापासून साधारण ३ ते ६ मिमी आत. क्लॅम्प थेट कडेवर बसला तर तो तिरका दाबतो आणि एका बाजूने पाणी येतं. क्लॅम्प होजच्या टोकाबाहेर लोंबत असेल तर अर्धी पकड वाया. जुना होज परत लावला असेल तर त्यात जुन्या क्लॅम्पचा खोल ठसा असतो. नवा क्लॅम्प त्या ठशाच्या अर्धवट आत, अर्धवट बाहेर बसला की तो कधीच सारखा आवळत नाही. रबर कडक झालं असेल तर होजच बदला.

ॲल्युमिनियमच्या तोंडावर पांढरी खरखरीत गंज असेल तर बारीक पॉलिश पेपर पाइपाच्या गोलाईने फिरवा. लांबीच्या दिशेने घासलं तर पडणाऱ्या रेघा म्हणजे पाण्याला काढून दिलेल्या चऱ्या. होज चढवताना कूलंट किंवा पाणीच लावा. ग्रीस किंवा इंजिन ऑइलने हे रबर फुगतं आणि सैल पडतं. स्क्रू क्लॅम्पला साधारण ३ ते ५ न्यूटन-मीटर पुरतं. रबर क्लॅम्पच्या खाचांतून वर येऊ लागलं, तर तुम्ही ते कापताय.

प्लास्टिकचे 'क्लिक' होणारे जोड असतील तर?

जोड बसवून तारेची क्लिप पूर्ण आत दाबा, मग होज मागे ओढून बघा. हलला तर बसला नव्हता. आतली ओ-रिंग पिळली गेली किंवा कोरडी चढवल्याने कापली गेली, तर क्लिप बसूनही गळतं. अशी ओ-रिंग परत वापरू नका.

थर्मोस्टॅट बदलला आणि त्याच्या कव्हरखालून पाझरतंय.

तीन नेहमीची कारणं. पहिलं, जुन्या पॅकिंगचा तुकडा बसण्याच्या पृष्ठभागावर राहिला. दुसरं, थर्मोस्टॅट खाचेत न बसता सरकला आणि कव्हर त्यावरच आवळलं गेलं. अशा वेळी प्लास्टिकचं कव्हर एका कानाशी तडकतं आणि ही चीर गाडी गरम झाल्यावरच उघडते. तिसरं, बोल्ट जास्त आवळले. एम६ बोल्टला साधारण ८ ते १० न्यूटन-मीटर लागतात. गाडीच्या मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तोच धरा. लांब पान्याने हाताच्या अंदाजावर हा बोल्ट दुप्पट आवळला जातो आणि कळतही नाही.

गळतंय म्हणून आणखी आवळणं हा सगळ्यात वाईट उपाय. उघडा, प्लास्टिकच्या किंवा लाकडी खरवडणीने साफ करा, पट्टी ठेवून सपाटपणा बघा, नवी रबर रिंग घाला. जिथे रबर रिंग आहे तिथे वरून सिलिकॉनचा लेप नको, रिंग त्यावर घसरते. जिथे लेपच सांगितलेला आहे तिथे ट्यूबवर लिहिलेला वेळ पाळा. अनेक लेपांना पूर्ण घट्ट व्हायला २४ तास लागतात आणि तासाभरात कूलंट भरून इंजिन चालू केलेलं असतं.

नव्या वॉटर पंपातून थेंब येतोय. पंप खराब निघाला?

थेंब नेमका कुठून येतोय यावर आहे. पंपाच्या अंगावर, शाफ्टच्या खाली एक छोटं भोक असतं. आतलं सील गळलं की पाणी तिथून बाहेर यावं, बेअरिंगमध्ये जाऊ नये, यासाठी ते ठेवलेलं असतं. नव्या पंपाचं सील बसेपर्यंत पहिल्या काही तासांत तिथे ओलसर डाग किंवा एखाद-दुसरा थेंब चालतो. नंतरही धार किंवा नवी पपडी दिसली तर पंप बदलायचा. ते भोक बुजवायचं नाही.

नवं सील लवकर जाण्याचं एक कारण कोणी कबूल करत नाही: कूलंट भरण्याआधी 'फक्त आवाज ऐकायला' इंजिन चालू करणं. कोरडं सील काही क्षणांत तापतं आणि ओरखडतं.

पाणी पंप आणि ब्लॉक यांच्या जोडातून येत असेल तर पॅकिंग, ओ-रिंग किंवा पृष्ठभाग बघा. काही इंजिनांत पंपाचा एखादा बोल्ट थेट पाण्याच्या पोकळीत उतरतो. त्याच्या आट्यांना सीलंट लावलं नाही तर पाणी आट्यांतून चढून बोल्टच्या डोक्याखालून झिरपतं आणि पॅकिंगवर नाहक आळ येतो. पंप टायमिंग बेल्टमागे असेल तर 'बघू चार दिवस' म्हणू नका. कूलंटने भिजलेला बेल्ट बदलावा लागतो.

थंड असताना सगळं कोरडं, गरम झाल्यावर टाकीतून बाहेर येतं.

आधी बघा की मॅक्सच्या वर भरलं नव्हतं ना. कूलंट तापून फुगतं आणि जादा भरलेलं बाहेर पडतं. मग कॅप. रबर वॉशर फाटला, कडेवर वाळलेली पपडी आली किंवा कमी दाबाची कॅप लागली तर ती लवकर उघडते. कॅपसाठी टेस्टरमध्येच वेगळा अडॅप्टर येतो.

कॅप चांगली आणि लेव्हल बरोबर, तरी बाहेर फेकतंय, तर थंड इंजिनाला टेस्टर लावून इंजिन चालू करा आणि काटा बघा. कूलंट तापायला काही मिनिटं लागतात. इंजिन अजून गार असताना, पहिल्याच मिनिटात काटा सरसर चढला, तर सिलिंडरमधला वायू कूलंटमध्ये शिरतोय. काटा कॅपच्या आकड्याशी आला की इंजिन बंद करा.

हेड गॅस्केट नवं घातलं, तरी कूलंट कमी होतंय.

बाहेरच्या होज आणि प्लग आधी तपासा, कारण हेड उतरवताना दहा-बारा जोड उघडलेले असतात. ते कोरडे असतील तर वायूची चाचणी करा. निळा द्रव असलेली नळी टाकीच्या तोंडावर धरून आतली हवा त्यातून खेचायची. कार्बन डायऑक्साइड असेल तर निळा रंग पिवळा होतो. आधी टाकीतली लेव्हल थोडी उतरवा, द्रवात कूलंट गेलं तर चाचणी बाद. डिझेल इंजिन नुसतं उभं चालताना धुरात हा वायू कमी असतो, म्हणून थोडा भार देऊन तपासा.

सकाळी चालू करताना एखादा सिलिंडर अडखळतो आणि पांढरा गोडसर धूर येतो का? रात्रभर दाब देऊन ठेवा, सकाळी स्पार्क प्लग काढून भोकातून छोटा कॅमेरा सोडा. ज्या पिस्टनचा माथा ओला किंवा वाफेने धुतल्यासारखा स्वच्छ, तिथे गळती. डिझेलमध्ये ईजीआर कूलरची (इंजिनात परत जाणारा धूर थंड करणाऱ्या भागाची) गळतीही हुबेहूब अशीच दिसते. हेड पुन्हा उघडण्याआधी तो वेगळा करून दाबाखाली तपासा.

नवं गॅस्केट फसण्याची कारणं बहुधा खालची असतात: हेड प्लेन न करता बसवलं (अनेक इंजिनांत वाकडेपणाची मर्यादा ०.०५ मिमीच्या आसपास असते), एकदाच वापरायचे ताणाचे बोल्ट परत घातले, ठरलेल्या टॉर्कला आवळल्यावर बोल्ट ठरलेल्या अंशांनी आणखी फिरवला नाही, किंवा बोल्टच्या बंद भोकात तेल-पाणी राहिलं. शेवटच्या प्रकारात बोल्ट आवळला गेल्यासारखा वाटतो, पण तो खालच्या पाण्यावर टेकलेला असतो. कधी त्यात ब्लॉकही तडकतो.

एक गळती काढली आणि आठवड्यात दुसरीकडून सुरू झाली. मेकॅनिकने काही बिघडवलं का?

बऱ्याचदा नाही. जुन्या गळतीतून दाब निघून जात होता, त्यामुळे यंत्रणा महिनोन् महिने अर्ध्या दाबावर चालत होती. ती बंद झाली, पूर्ण दाब आला आणि पुढची कच्ची जागा उघडी पडली. रेडिएटरची प्लास्टिक टाकी जिथे ॲल्युमिनियमला दुमडून जोडलेली असते तो सांधा, हीटर कोअर आणि ब्लॉकच्या मागच्या बाजूचे पत्र्याचे कोअर प्लग ही नेहमीची मंडळी. म्हणून जुन्या गाडीत काम करतानाच, भरल्या भरल्या पूर्ण दाबाची चाचणी करून घ्यावी.

काचेवर तेलकट धुकं येतंय आणि पायाखालचं कार्पेट ओलं.

गोडसर वास असेल तर हीटर कोअर किंवा त्याचे जोड. नुसतं पाणी असेल तर एसीची ड्रेन नळी तुंबली आहे.

यूव्ही डाय (यूव्ही दिव्याखाली चमकणारा रंग) घालावा का?

प्रेशर टेस्टने काही दिसलं नाही आणि लेव्हल आठवड्याला थोडी थोडी उतरते, तेव्हा जरूर. कूलंटसाठीचाच डाय घ्या, तेलाचा नाही. चार-पाच दिवस गाडी चालवा आणि अंधारात यूव्ही दिवा व पिवळा चष्मा लावून बघा. एक्झॉस्टजवळची गळती थेंब पडण्याआधीच वाफ होते, ती याच पद्धतीने हाती लागते.

गळती बंद करणारी पावडर किंवा द्रव?

नुकत्याच केलेल्या दुरुस्तीवर तर नकोच. जोड चुकला असेल तर तो तसाच राहतो, आणि हीटरच्या बारीक नळ्या मात्र तुंबतात.

रेडिएटर बदलल्यावर गिअर ऑइल दुधाळ झालं.

ऑटोमॅटिक गाडीत गिअर ऑइलचा कूलर रेडिएटरच्या आत असेल, तर दोन्ही द्रव एकमेकांत मिसळलेत. गाडी चालवू नका, चालू करून हलवूही नका. आतल्या क्लच प्लेटांना पाणी मारक ठरतं.

तोवर गाडी चालवू का? वरून काय घालू?

रोज ५०-१०० मिली कमी होत असेल, तापमानाचा काटा स्थिर असेल आणि बेल्टवर पाणी येत नसेल, तर लेव्हल बघत गॅरेजपर्यंत जाता येतं. काटा हलला किंवा हीटर अचानक गार पडला तर थांबा. लेव्हल खूप उतरली की तापमानाचा सेन्सर कूलंटऐवजी वाफेत राहतो आणि काटा खोटं सांगतो, हे लक्षात असू द्या.

वरून घालताना तेच कूलंट घाला. रंगावरून प्रकार ठरत नाही, बाटलीवरचा मानक बघा. वेगळ्या जातीची कूलंटं मिसळली की गंजरोधक घटक निकामी होतात, कधी गाळ धरतो. काहीच हाताशी नसेल तर थोडं डिस्टिल्ड पाणी, आणि नंतर प्रमाण दुरुस्त.

गॅरेजला परत नेताना काय घेऊन जायचं?

टाकीवरच्या रेघेचे तारखेसह फोटो, पुठ्ठ्यावरचा डाग गाडीच्या कुठल्या चाकाजवळ होता याची खूण, थेंब थंडीत येतात की गरमीत याची नोंद आणि दाब किती मिनिटांत किती उतरला तो आकडा. अंडर कव्हर न लावताच न्या. आणि जोड पुन्हा उघडायच्या आधी, दाबाखाली गळताना तो तुमच्या देखत दाखवायला सांगा.